दुसरी तडतड

लालबागची आमची चाळ म्हणजे सगळे चहाबाज. कॉफी फक्त दोन घरांत: आमच्या, आणि शेजारच्या कानडी काकांच्या. काकांच्या भावाचा चिकमगळूरकडे मळा होता, तिथून कच्च्या बिया यायच्या. त्यात दुसऱ्या मळ्याची एक बी काका खपवून घेत नसत. कॉफीत मिसळतात त्या चिकोरीचं तर नाव काढायची सोय नव्हती.

रविवारी सकाळी गॅलरीत शेगडी पेटायची. लोखंडी कढईत बिया परतायचे बाबा, पण कान काकांचे. माझगावच्या गोदीत रिव्हेट ठोकून ठोकून बाबांचे कान कामातून गेले होते. भाजताना पहिली तडतड लाह्यांसारखी मोठी होते, ती त्यांना कशीबशी कळे. दुसरी अगदी बारीक. ती सुरू झाली की काका त्यांच्या खांद्यावर थाप मारून म्हणत, "काढा हो आता!" आणि बाबा कढई उतरवत. मग खलबत्त्यात कुटून, दूध-साखर न घालता, दोघं घोट घोट चाखत. काकांना त्यात संत्र्याच्या सालीची चव लागे. बाबांना कॉफीचीच. यावरून आठवडाभर चेष्टा चाले.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे ते दिवस. एका रविवारी विषय बेळगाववर आला. काका म्हणाले, "मुंबई तुमची, मान्य. बेळगाव आमचं."

"मग जा ना तिकडेच! इथे कशाला राहता?" बाबा ओरडले.

बाबांना हळू बोलताच येत नसे. दुसऱ्या कुणाचं बोलणं दोघांत राहिलं असतं, त्यांचं तिन्ही मजल्यांनी ऐकलं. काका पेला खाली ठेवून आत गेले.

पुढच्या रविवारी कोणीच कोणाच्या दारात गेलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आईने समजावून पाहिलं. शेवटी म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही!" मला बाबांचा भयंकर राग यायचा. अजून येतो. मध्ये एक भिंत होती, दुसरं काय होतं?

त्याच हिवाळ्यात काका हृदयविकाराने गेले. बाबांनी खांदा दिला आणि घरी येऊन न जेवता पडून राहिले. काकू गावी परत निघाल्या, तेव्हा त्यांनी आईच्या हातात एक पिशवी दिली. "बिया आल्या की तुमचा वाटा काढून ठेवायचे," म्हणाल्या. "नंतरसुद्धा."

रविवारी बाबांनी शेगडी पेटवली. मी जवळ बसले. पहिली तडतड झाली, थोड्या वेळाने दुसरी.

"बाबा, काढा."

ऐकू गेलं नसेल म्हणून मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले. त्यांनी नुसती मान हलवली.

"थांब गं. ते सांगतील."

बिया काळ्या पडल्या. गॅलरीभर धूर झाला, तेव्हा आईने धावत येऊन कढई खाली घेतली. बाबा तसेच बसले होते, एक खांदा जरासा पुढे करून.