हिरव्या चादरीवरचा मुद्देमाल

सकाळपासून वारा सुटला होता आणि नेमकं आजच पोलीस ठाण्याच्या अंगणात टेबल मांडायचं होतं. आत उजेड कमी, फोटो काळा येतो, म्हणून टेबल बाहेर. फौजदारांनी हिरवी चादर झटकली, कोपऱ्यांवर बेड्या ठेवल्या आणि जप्त केलेल्या नशेच्या पावडरीच्या पुड्या मांडायला घेतल्या. दोन पुड्यांत चार बोटं अंतर. चिकटून ठेवल्या तर मूठभर दिसतात, अंतरानं ठेवल्या की टेबल भरतं. सव्वीस वर्षांत ही विद्या त्यांनी एवढी कमावली होती की अख्खं ठाणं त्यांना टेबलराव म्हणायचं.

टेबलामागे उभं राहायला माणसांची कधी वानवा नव्हती. छापा घालायला तिघं, फोटोला तेरा. ज्याची सुट्टी असेल तोही टोपी चढवून हजर. थोरले साहेब मधोमध, पोट आत, छाती बाहेर. आरोपी खाली उकिडवा, तोंडावर फडकं. असले फोटो आतल्या भिंतीवर लावून लावून चुना दिसेनासा झाला होता. एका टोकाला टेबलरावांची मिशी काळी, दुसऱ्या टोकाला पांढरी. मधल्या काळात टेबल तेच, चादर तीच, पुड्याही तेवढ्याच. बाजारात माल भाजीसारखा मिळायचा. भाजी निदान उन्हानं सुकते.

सुरुवातीला टेबलरावांचीही छाती फुगायची, खोटं कशाला बोला. पुढे पुढे धरून आणलेली माणसंच तोंडपाठ झाली. त्यातला एक शिंपी. दुकान ठाण्यापासून शंभर पावलांवर, हात असा साफ की सगळ्या वर्द्या तोच शिवायचा. खोड एकच, पावडर घ्यायचा. महिनाअखेर केसेस कमी पडल्या की हवालदार उठून त्याच्या दुकानात. नऊ वेळा धरला, नऊही वेळा त्यानंच शिवलेल्या वर्दीतल्या माणसांनी. नवव्या खेपेला तो टेबलरावांना म्हणाला होता, "काका, कंबर वाढलीय तुमची. सुटलो की पॅन्ट उसवून देतो."

सुटला, आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी दुकानातच त्याचा जीव गेला. मात्रा जास्त झाली. दवाखाना ठाण्याला लागून, पण दुकानात काजं-बटनं करणारा पोरगा घाबरून पळालेला. टेबलरावांनी त्याला हुडकून गचांडी धरली.

"अरे, एक फोन करायला हात मोडले होते?"

"फोन केला असता तर आधी तुम्ही आला असता," तो म्हणाला. "मग डॉक्टर."

टेबलरावांनी गचांडी सोडली.

त्याच महिन्यात वरून फॉर्म आले. नशाबंदीचा कायदा आणखी कडक करायचा आहे, अनुभवी अधिकाऱ्यांनी मत कळवावं. मत म्हणजे 'सहमत' लिहून खाली सही. बाकीच्यांनी चहा निवायच्या आत उरकलं. टेबलरावांनी लिहिलं, 'असहमत. बंदी उठवा. जे द्यायचं ते डॉक्टरच्या हातून द्या. सव्वीस वर्षांत धंदा एक दिवस बंद पडला नाही, फक्त गिऱ्हाइकं मेली.'

आज फोटो झाला, तेरा टोप्या पांगल्या आणि साहेबांनी त्यांना आत बोलावलं. तोच फॉर्म पुढ्यात होता.

"टेबलराव, बायकोशी भांडून लिहिलंत काय हे?"

"नाही साहेब. भिंत बघून लिहिलं."

"बढतीच्या यादीत नाव आहे तुमचं. तीन महिन्यांत निरीक्षक व्हाल. हा कागद वर गेला की नाव गेलं. हा घ्या कोरा फॉर्म, एक शब्द लिहा आणि मोकळे व्हा."

"पुड्या कमी झाल्यात का साहेब, एवढ्या वर्षांत?"

"कमी झाल्या तर फोटोत काय मांडणार?" साहेब म्हणाले. आणि ते थट्टा करत नव्हते.

टेबलरावांनी कोरा फॉर्म नीट दुमडून साहेबांच्याच पेपरवेटखाली सरकवला. "तो पहिलाच पाठवा," म्हणाले आणि बाहेर येऊन चादरीची घडी घातली.

आठवड्याभरात सुधारित यादी आली. टेबलरावांचं नाव नव्हतं. त्यांच्या जागी जो लागला त्यानं आयुष्यात एकच छापा घातला होता, तोही चुकीच्या घरावर. फोटोंत मात्र तो कुठं चुकला नव्हता.

घरी बायको म्हणाली, "निरीक्षकीणबाई म्हणवून घ्यायची हौस होती मला."

"मग, चुकलं माझं?"

"लिहिलंत ते बरोबर लिहिलंत. पण नऊ वेळा त्या शिंप्याला टेबलापुढे बसवायच्या आधी सुचलं असतं, तर तो असता."

निवृत्तीला दोन वर्षं होती, ती याच वर्दीत काढायची होती, आणि पॅन्ट पोटाला काचत होती. टेबलरावांनी ती उतरवून मांडीवर पसरली, कंबरेची शिलाई शोधली. टाके एवढे बारीक की दाढीच्या पात्याचं टोक आत शिरेना. चष्मा पुसून ते एकेक टाका उसवत बसले.