भाजीवरची कोथिंबीर

आमच्या अंबरनाथला नवीन मार्ट उघडलं, तेव्हा तिथे भाजीच्या रॅकपाशी एक म्हातारी नेहमी दिसायची. बहुतेक जवळच्या मोरिवली गावची असावी. चापून नेसलेलं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. भेंडीचं टोक मोडून बघायची, वांगी दाबून बघायची, वजन करून घ्यायची. आणि मग इकडेतिकडे न बघता मूठभर कोथिंबीर नि दोन मिरच्या उचलून सरळ कमरेला खोचायची.

मी मुळात संशयी. दूधवाल्याचं दूधसुद्धा बोटावर घेऊन बघणारी बाई. हिच्यावर पाळतच ठेवली. दाराशी वॉचमन सगळ्यांच्या पिशव्या उचकायचा, पण म्हातारीच्या कमरेकडे कोण बघणार?

एकदा राहवलं नाही. बाहेर पडताच तिला गाठलं. "मावशी, कोथिंबिरीचे पैसे नाही दिलेत तुम्ही."

ती जराही बिचकली नाही. "भाजी घेतली ना मी? मंग वर कोथिंबीर नको द्यायला? हितं हातानं देनारा कोनी नाय, म्हनून माझी मीच घेते."

मग माझी पिशवी उघडून तिने आत डोकावलं, अगदी त्या वॉचमनसारखं.

"एवढी भाजी घेतलीस न् वर काहीच नाय? फसवलं गं बाय तुला!"

घरी येऊन मी पिशवी ओट्यावर रिकामी केली. बिलाशी सगळं ताडून पाहिलं. सगळं बरोबर होतं. एक काडीही जास्त नव्हती.

तेव्हापासून मला त्या मार्टचाच संशय येतो.