सासूबाईंच्या कपाटाला गॅस

बंदरावर परदेशातून लाकूड येतं. त्यात लपून आलेले किडे इथल्या झाडांना लागू नयेत म्हणून त्यांना गॅस देऊन मारायचं, हे माझं काम. ओंडक्यांवर ताडपत्री घालायची, कडेने वाळूच्या पिशव्या दाबायच्या, आत गॅस सोडायचा आणि लांब उभं राहून रुबाब करायचा. यातलं शेवटचं मला विशेष जमतं.

घरी मात्र रुबाब चालत नाही, कारण घरी सासूबाई आहेत. सासरे सुतार होते. लग्न झाल्या झाल्या त्यांनी बायकोसाठी स्वतःच्या हातांनी एक कपाट केलं होतं. ते गेल्यावर सासूबाई घर सोडून आमच्याकडे यायला तयार झाल्या, पण कपाट सोडून यायला काही तयार होईनात. शेवटी दोघंही आली.

एके सकाळी त्या कपाटाखाली पिठासारखा भुसा दिसला. मी गुडघे टेकून तो चिमटीत धरला आणि घसा खाकरून म्हणालो, "कीड आहे."

"ते मलाही दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, जगभरचे किडे मारता, तेवढे माझे मारा. कपाट गेलं तर त्यांच्या हातचं माझ्याकडे दुसरं काही उरणार नाही."

ही कीड माझ्याच पँटच्या दुमडीतून घरात आली, असा निकाल बायकोने देऊन टाकला. त्यावर अपील नव्हतं.

साहेबांच्या हातापाया पडून कपाट ओंडक्यांबरोबर ताडपत्रीखाली ठेवायची परवानगी मिळवली. पण यार्डात चार लोक बघणार. फिकट, भोकं पडलेलं कपाट घेऊन जायचं म्हणजे आपलीच शोभा. मी लांबी, म्हणजे लाकडातल्या फटी भरायचा लगदा, आणली आणि एकूण एक भोक बुजवलं. मग आतून, बाहेरून, पाठीमागूनसुद्धा पॉलिशचे हात दिले. कपाट नवरदेवासारखं दिसायला लागलं. सासूबाईंना हाताला धरून आणलं. त्यांनी आधी कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि "छान," एवढंच म्हणाल्या. मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर.

कपाट गॅस खाऊन, वर मोकळी हवा खाऊन परत आलं. मी शेजाऱ्यांना बोलावून किडा कसा मरतो यावर भाषण ठोकलं. थोडे दिवस जातात न जातात तोच खाली पुन्हा भुसा.

लाकूड मागवणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगतो, गॅस द्यायच्या आधी रंग नको, पॉलिश नको, गॅस आत शिरत नाही. हे मला भुशासमोर उकिडवं बसल्यावर आठवलं. मी किड्यांची दारं-खिडक्या बंद करून, वर रंगरंगोटी करून, त्यांना गॅसपासून पक्कं घर बांधून दिलं होतं. इतकी अक्कल गहाण टाकायलाही अनुभव लागतो.

"आई, सगळं पॉलिश खरवडावं लागेल," मी खाली मान घालून म्हणालो. "चूक माझी आहे."

त्या रागावल्या नाहीत. त्याचीच जास्त लाज वाटली. माझ्याशेजारी बसून त्याही काचपेपर घासू लागल्या. लांबी टोकरून काढली, भोकं उघडी केली आणि कपाट पुन्हा ताडपत्रीखाली गेलं. या वेळी परत आल्यावर मी कुणालाच बोलावलं नाही. रोज उठून जमीन तेवढी बघत होतो. महिना उलटला तरी भुसा पडला नाही.

मग माझ्या अंगात पुन्हा वारं शिरलं. "आई, आता किडे मेले. आता मस्त पॉलिश करून देतो, आधीपेक्षा चकचकीत!"

"नको," त्या कोऱ्या लाकडावर हात फिरवत म्हणाल्या. "त्यांनी याला कधी पॉलिश लावू दिलं नाही. लाकूड हाताला लागलं पाहिजे, म्हणायचे."

मी पॉलिशचा डबा खाली ठेवला. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"किती हौसेने दाखवत होतात," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, कपाट त्यांचं असलं तरी जावई माझा आहे."