शुक्रवारचं तेल

जिवंत माणसाचा हँडब्रेक म्हणून वापर करणारा एकच गृहस्थ मला ठाऊक आहे: माझ्या बायकोचे मामा. आणि तो जिवंत माणूस मीच. मामांच्या जुन्या पांढऱ्या गाडीचा हँडब्रेक कितीही ओढला तरी धरत नसे. पायाचा ब्रेक पुढच्या चाकांच्या जोरावर कसाबसा धरे. त्यामुळे राहनाळपासून टेमघरपर्यंत कित्येक लग्नांत मी मांडवाबाहेर, गाडीतच, ब्रेकवर पाय दाबून बसलो आहे. जिलबी खिडकीतून येई. गाडी नवरदेवाच्या घोडीवर जाईल या धास्तीने मी शिंकसुद्धा अर्धीच देई.

मामींनी मात्र गाडीत बसणं सोडलं होतं. एकदा उतारावर मामा पान घ्यायला उतरले आणि गाडी एकट्या मामींना घेऊन थेट केळीवाल्यापर्यंत गेली. तेव्हापासून मामा गाडीतून आणि मामी मागून रिक्षातून, अशी त्यांची वरात निघे. मामा शेजारची सीट तरीही रोज पुसत. "ती बसत न्हाय, तर गाडी ठेवायची कशाला?" असं ते एकदा म्हणाले आणि मलाच अपराधी वाटलं, जणू माझा पाय कमी पडला.

त्यांनी केबल बदलली, चाकातले ब्रेकचे लायनर बदलले. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, बीमला लटकवायची लोखंडी वजनं हँडब्रेकच्या दांड्याला बांधली, तर दांडाच उपटून हातात आला. प्रत्येक दुरुस्ती शुक्रवारपर्यंत टिके. मामांचे लूम केव्हाच विकले गेले होते, पण सवय सुटली नव्हती. लूमच्या सुट्टीच्या शुक्रवारी तेलाची बुधली घेऊन हलणाऱ्या प्रत्येक वस्तूला तेल घालायचं: दारं, शिलाई मशीन, आणि मागची चाकं उतरवून आतल्या ब्रेकलासुद्धा. फडकं घेऊन मी शेजारी उभा. यंत्र कोरडं ठेवू नये, असं ते सांगत आणि मलाही ते पटे.

शेवटी मामींनीच पकडलं. अंगणातल्या रांगोळीवर मागच्या चाकाखाली तेलाचा डाग बघून त्या शांतपणे म्हणाल्या, "अवो, ब्रेकनं घासायला पायजे. तुम्ही त्याला तेल पाजताय. तो धरंल कसा?"

मामांनी बुधली खाली ठेवली. मग नवे, कोरडे लायनर बसले आणि त्याच उतारावर गाडी उभी राहिली, चाकाला दगड नाही, आत मी नाही. मामी पर्स मांडीवर घेऊन शेजारी बसल्या. "जावयबापू, सुटलात तुम्ही," मामा म्हणाले.

हल्ली शुक्रवारी ते बुधली घेऊन आमच्याकडे येतात. दार हलवून बघतात. कुरकुरलं की चेहरा खुलतो. गुरुवारी मी बिजागऱ्यांतलं तेल त्याच फडक्याने पुसून ठेवतो.