कुणालाच नको असलेला दगड

आमच्या ऑफिसात परवानग्या येत नाहीत, किस्से येतात. फाइल जिल्ह्याला जाते, तिथून मुंबईला जाते, आणि ती परत येईपर्यंत घराचा मालक दहा वेळा आमच्या बाकड्यावर बसून जातो. बसला की बोलतो. मालवणी माणसाला गप्प बसून चहा पिता येतच नाही!

मी इथे कितीतरी वर्षं घरांचे नकाशे काढते. साहेब म्हणजे आमचे भाऊ, सिव्हिल इंजिनिअर. भाऊ नेहमी म्हणतात, "आपण घरं नाय बांधत गो, आपण अर्ज बांधतो."

बाकड्यावरच्या कायमच्या मेंबर म्हणजे इसाबेल टीचर. कट्टा गावाच्या पुढच्या वाडीत राहतात, रिटायर झाल्यात. भाऊंसकट निम्म्या तालुक्याला त्यांनीच पाढे शिकवले. राहतं घर आणि माडांची बाग मात्र कागदावर गोव्यातल्या पुतण्यांची. पुतण्यांनी ती व्हिला बांधणाऱ्या पार्टीला द्यायचं ठरवलंय आणि टीचरना मडगावच्या फ्लॅटमध्ये हलवायचंय. दर सोमवारी टीचर येतात आणि एकच विचारतात, "भाऊ, माझ्यासाठी खंयचो तरी कायदो आसा मा रे?"

भाऊ मान खाली घालतात. मला तेव्हा फार वाईट वाटतं आणि त्या पुतण्यांचा रागही येतो, हे आधीच सांगून टाकते.

*

देवबागचा एक होमस्टेवाला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, त्यात भरतीच्या रेषेपासून ठरलेलं अंतर सोडायचं. माणसाने बांधायचं तरी कुठे! आम्ही अंतर मोजून नकाशावर रेघ मारली, तर ती बरोबर त्याची खोली आणि संडास यांच्या मधून गेली. खोली परवानगीत, संडास बंदीत.

त्याने नकाशा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"म्हणजे झोपूक परवानगी आसा. पण उठल्यावर काय करूचा?"

भाऊ म्हणाले, "उठू नको!"

*

समुद्रातल्या किल्ल्यासमोर राहणारा एक होडीवाला. जुन्या स्मारकाजवळ घर असलं की दुरुस्तीलाही ना-हरकत लागते. याला छपराची कौलं बदलायची होती. अर्ज त्याने स्वतःच भरला. आम्हाला विचारलं असतं तर कमीपणा आला असता ना! 'स्मारकापासून अंतर' या रकान्यात लिहिलं: पंधरा मिनिटां.

फाइल परत आली. तांबड्या शाईत शेरा होता: 'भरतीचे की ओहोटीचे, खुलासा व्हावा.'

*

आमच्याकडे जमिनीत पहार मारण्याआधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. एक म्हातारा देवाकडे मागतो आणि त्याच्या प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं. ही सवय आमच्या हाडात आहे. झोपेतही निघेल.

किनाऱ्यावर एका हॉटेलच्या जागेवर गाऱ्हाणं चाललं होतं आणि त्याच वेळी मोजणीचे साहेब यंत्र घेऊन पोचले. कडक माणूस, हसत नाही, चहा घेत नाही. पण मूळचे कणकवलीकडचे. चपला काढून, हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान आज कामाक हात घातल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ही भरतीची रेषा जी काय पुढे इली आसा, ती धा पावलां मागे सार रे म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा 'व्हय म्हाराजा!' साहेबांचा!

मग जीभ चावून आमच्या भाऊंना हळूच म्हणाले, "हे कुठे लिहू नका हां."

*

आता त्या दगडाचं सांगते.

टीचरांच्या वाडीत एकाने घराचा पाया खणायला घेतला आणि कमरेएवढा कोरीव दगड वर आला. हातात तलवार घेतलेला वीर, डोक्यावर चंद्रसूर्य. जुनी वस्तू सापडली की सरकारला कळवायचं असतं, आणि कळवलं की पाहणी होईपर्यंत काम बंद. पाहणी कधी होते, ते त्या वीरालाच विचारा!

भाऊंनी मालकाला बजावलं, "कळवून टाक." तो 'होय' म्हणाला. दुसऱ्या दिवशी दगड शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये!

आमच्याकडे दुपारी एक ते चार अख्खी वाडी झोपते. माशाची कढी आणि भात जेवलेल्या माणसाच्या उशाशी जेसीबी आणला तरी तो कूस बदलत नाही. दुपारच्या अशा तीन तासांत चौघांनी दगड सरकवला तर कुणाला पत्ता लागणार? आठवडाभरात दगड पाच प्लॉट फिरला. पाचही मालक एकामागोमाग आमच्या बाकड्यावर येऊन शपथा घेऊन गेले की दगड आपण पाहिलेलाच नाही. पाचव्याने तर कमालच केली.

"मी खंय हलवलंय? तो आपल्या पायान गेलो! हातात तलवार आसा, तेका कोण अडवतलो?"

टीचर बाजूलाच बसल्या होत्या. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"आता खंय आसा तो दगड?"

"माझ्या कुंपणाभायर, टीचर."

"मगे असो रस्त्यार कित्याक ठेवलंस? माझ्या बागेत जागा आसा."

भाऊंनी चष्मा काढला.

"टीचर, तुम्ही कळवतल्यात?"

"मी कधी खोटा बोललंय रे? दगड माझ्या बागेत गावलो तर कळवूक नको?"

त्या दिवशी दगड पहिल्यांदाच लोक जागे असताना हलला. चौघांनी टेम्पोतून आणला, टीचरनी सगळ्यांना सोलकढी पाजली. संध्याकाळी त्यांचा अर्ज मीच टाइप केला. आयुष्यात इतक्या आनंदाने मी एकही अर्ज टाइप केलेला नाही.

*

पंचनाम्याला अधिकारी आले. पुतणे गोव्याहून आले. पार्टी पांढऱ्या गाडीतून आली आणि उतरल्या उतरल्या विचारू लागली, "साहेब, किती दिवस थांबावं लागेल?"

"वरून पथक येईपर्यंत."

"पथक कधी येईल?"

अधिकाऱ्यांनी माडाच्या शेंड्याकडे पाहिलं. पार्टीने ड्रायव्हरकडे पाहिलं.

थोरला पुतण्या भडकला. "लहानपणी ह्याच बागेत खेळलंय मी! हो दगड हयसर कधीच नव्हतो! विचारा ह्या लोकांका!"

भाऊ उगाचच टेप गुंडाळत बसले. अधिकाऱ्यांनी पेन उघडलं आणि जमलेल्या वाडीकडे वळले.

"ग्रामस्थांनी सांगावं. हा दगड पूर्वीपासून इथेच आहे का?"

पाचही प्लॉटवाले पहिल्या रांगेत होते. टीचर एक अक्षर बोलल्या नाहीत. वर्गात उभ्या राहायच्या तशा उभ्या राहून त्यांनी एकेकाकडे पाहिलं.

पाचांनीही दगडासमोर हात जोडले, आणि अख्खी वाडी एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"