डाव्या बाजूची जागा

भाऊराव खेळाडूचे पाय नंतर बघत, आधी मान बघत. चेंडू यायच्या आधी जो मान वळवून मैदान पाहून घेतो तो खेळाडू, बाकीचे नुसते धावणारे, असं ते म्हणत. विक्रोळीच्या कारखान्यात लेथवर त्यांचं आयुष्य गेलं. कंपनीच्या फुटबॉल संघात ते डाव्या बाजूनं खेळले, आणि निवृत्तीनंतर मुलुंडच्या एका छोट्या व्यावसायिक क्लबासाठी खेळाडू हेरायला लागले.

निकेतची मान त्यांना पहिल्याच सामन्यात दिसली. मढच्या कोळीवाड्यातला पोरगा, अंधेरीच्या क्लबात डाव्या बाजूला खेळायचा. त्याचा करार संपला होता, पण तो पुरता मोकळा नव्हता. दुसऱ्या क्लबानं मागणी घातली की जुन्या क्लबाला आठवड्याची मुदत मिळे. त्या मुदतीत त्यांनी तेवढेच पैसे देऊ केले, तर खेळाडू त्यांच्याकडेच राही. आणि मागणी घालणाऱ्याला तोवर आपल्या यादीत जागा रिकामी करून बसावं लागे. त्या जागेसाठी ज्याला काढलं, त्याला त्या मोसमात परत घेता येत नसे.

मुलुंडच्या यादीत डाव्या बाजूला विशाल होता.

विशालला दहाव्या वर्षी भाऊरावांनीच मैदानावर आणलं होतं. आता त्याची तिशी उलटली होती, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. "एवढा एक मोसम खेळतो सर, मग बास," तो म्हणाला होता. "पोरगी चार वर्षांची झाली. या वर्षी तिला कळेल, बाप काय करतो ते."

भाऊराव वर्सोव्याहून होडीनं मढला गेले. निकेतच्या आईनं त्यांना ओळख ना पाळख, सरळ पाटावर बसवलं. "खावा भाऊ, लाजू नका," म्हणत ती वाढत राहिली. निकेत हसून म्हणाला, "काका, अंधेरीत मी बाकावर बसून बसून बाकाला माझा आकार आलाय. तुमच्याकडे यायला आवडेल ना!" निघताना आईनं सोड्यांची, सुकवलेल्या कोळंबीची, पुडी बांधून हातात दिली. "घरच्यांना द्या. सांगा, मढवरनं आलंय."

भाऊराव परतीच्या होडीत ती पुडी मांडीवर धरून बसले. त्यांच्या घरात सोयरिकीची बोलणी व्हायची तेव्हा शेवटी मुलीकडची बाई काहीतरी बांधून द्यायची. ती पिशवी हातात पडली की बोलणं पक्कं. तोंडानं मग कोणी काही विचारत नसे, विचारणं वाईट दिसे.

घरी बायकोनं, शकुबाईंनी, सोडे निवडायला घेतले. "पोरगा येणार म्हणाला का पण?"

"अगं, हे दिलंय ना."

"हे तिनं दिलंय. पोरगा काय म्हणाला?"

"तुला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं, पण निवडायचे मीच," शकुबाई म्हणाल्या.

क्लबाचे व्यवस्थापक नंदकुमार सावध माणूस होते. "भाऊ, अंधेरीवाले गप्प बसतील? पोराला वाढवलंय त्यांनी."

"त्यांना त्याची कदर नाही. आणि पोराचं मन आपल्याकडं आहे."

"मग जागा कुणाची काढू? तुम्ही सांगाल त्याची काढतो."

भाऊरावांना दुसरी दोन नावं सांगता आली असती, दोन्ही राखीव पोरं होती. पण निकेत आल्यावर विशाल बाकावरच बसणार होता, आणि ते त्यांना बघवलं नसतं. म्हणून ते म्हणाले, "विशाल."

विशालला त्यांनी स्वतः सांगितलं. तो बुटाची नाडी सोडत होता, सोडतच राहिला. "पक्कं आहे ना सर? म्हणजे, तो येतोय ना?"

"त्याच्या घरी जेवून आलोय मी."

"मग झालं," विशाल म्हणाला. "झकास पोरगा आहे. माझ्यापेक्षा बरा."

मुदतीच्या आठवड्यात अंधेरीहून काही हालचाल नव्हती. भाऊराव रोज नंदकुमारांना फोन करत आणि रोज थोडे जास्त खुशीत येत. शेवटच्या दिवशी, कचेरी बंद व्हायच्या वेळेला, अंधेरीच्या क्लबानं कागद पाठवला. जे मुलुंडनं देऊ केलं होतं तेच त्यांनी देऊ केलं होतं. आणि निकेत त्यांचाच राहिला.

भाऊरावांनी निकेतला फोन लावला.

"सॉरी काका. नियमच तसा आहे, मी काय करणार? आणि खरं सांगू, तुम्ही मागणी घातली म्हणून तर त्यांनी मला पहिल्या अकरात घ्यायचं कबूल केलं. तुमचे उपकारच आहेत."

"पण तुझ्या आईनं..." भाऊराव थांबले. "घरी नेण्यासाठी बांधून दिलं होतं तिनं."

निकेतला क्षणभर कळलंच नाही. मग तो मोकळेपणानं हसला. "अहो काका, आमची आई मीटर बघायला येतो त्याला पण बांधून देते!"

त्या हसण्यात कपट नव्हतं. तेच भाऊरावांना सहन होईना.

मुलुंडची डावी बाजू रिकामी राहिली. विशाल तोवर एका जिममध्ये सकाळच्या पाळीला लागला होता. भाऊराव त्याला भेटायला विक्रोळीच्या मैदानावर गेले, तेव्हा तो कडेच्या कठड्यावर बसला होता. मुलगी समोर मातीत एकटीच चेंडू लाथाडत होती.

"कळलं मला," विशाल म्हणाला. "बसा."

ते बसले.

"माझं नाव कुणी दिलं सर? नंदकुमारांनी?"

हो म्हणता आलं असतं. विशालनं ते मानलंही असतं, कदाचित त्यासाठीच विचारलं असेल.

"मी दिलं."

"हं." विशालनं मान हलवली. "वाटलंच होतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भाऊरावांना काही बोलता आलं असतं. "एक विचारू? तो आला असता, तर आज तुम्ही इथं आला असता का?"

भाऊरावांना मुलुंडचं मैदान दिसलं, डाव्या बाजूनं धावणारा निकेत, त्याची वळलेली मान. आणि कठड्यावर टाळ्या वाजवणारे ते स्वतः, आनंदात. त्या चित्रात विशाल कुठेच नव्हता, आणि तो नाही हे त्यांच्या ध्यानातही आलं नसतं.

"नाही," ते म्हणाले.

मुलीनं मारलेला चेंडू घरंगळत त्यांच्या पायाशी आला. विशाल उठला, वाकून तो उचलला आणि तिचा हात धरून घराकडे निघाला.