भूषणचा साऊंड काढायला गेलो

नाशिकहून निघालो तेव्हा पिशवीत पाने, पक्कड आणि काखेत एक भलंमोठं रिकामं खोकं होतं. ते पाहून कंडक्टरने विचारलंच, "काय, टीव्ही आणायला चाललात का?"

"नाही हो. ट्रॅक्टरचा साऊंड काढून आणायचाय."

"बसवायला जाणारे रोज भेटतात. काढायला जाणारे तुम्ही पहिलेच," तो म्हणाला आणि मशीनमधून सटाण्याचं तिकीट काढून दिलं.

खरंच आहे त्याचं. माझं नाशकात गाड्यांना साऊंड बसवायचं दुकान आहे, त्यामुळे आपल्या जिल्ह्याची हौस मला चांगली ठाऊक. नवा ट्रॅक्टर घराशी आला की आधी पूजा आणि लगेच साऊंड! मी बसवलेला पहिला साऊंड भूषणच्या ट्रॅक्टरचा. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. हा पठ्ठ्या प्रत्येक सिनेमा दोनदा बघायचा. पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा डोळे मिटून, नुसतं संगीत ऐकायला. पुढे तो नामपूरजवळ आपल्या गावी शेती करायला गेला आणि गेल्या पावसाळ्यात कावीळ होऊन वारला. पोळासुद्धा बघितला नाही त्याने. परवा त्याच्या वडिलांचा, नानांचा फोन आला. "तो साऊंड तू घेऊन जा बाबा. माझ्याच्यानं बघवत नाही."

मी लगेच हो म्हणालो. मलाही तो हवाच होता. भूषणची वस्तू माझ्या दुकानात राहील, याहून चांगली जागा कुठली?

भावडबारीच्या घाटात गाडी वळली आणि माझी पिशवी घसरून थेट शेजारच्या आजींच्या पायावर. "आरं, पाय हाय का लाकूड हाय हे?" त्या कडाडल्या. मी दहादा माफी मागितली. देवळ्याला गाडी थांबली तेव्हा मी कांदाभजी आणून त्यांना दिली, आणि त्यांनी ओच्यातली मूठभर बोरं माझ्या हातावर ठेवली. प्रकरण मिटलं. स्टँडबाहेरून कांद्याचे ट्रॅक्टर चालले होते, प्रत्येकाचं गाणं वेगळं. इथून पुढे साऱ्या बागलाणात थंडीत हाच थाट.

सटाण्याला गाडी बदलून नामपूर, तिथून रिक्षा. भूषणच्या घरी पोहोचलो तर ट्रॉलीत लाल कांदा भरून तयार. नाना म्हणाले, "उद्या मार्केटला कांदा घालून येऊ, मग सावकाश काढ."

भूषणची आई फक्त अहिराणी बोलते. "उना का भाऊ? बठ," (आलास का भाऊ? बस) म्हणत तिने ताट वाढलं. भाकरी थंड होती. या घरात थंड भाकरी मी कधी खाल्ली नव्हती. तिलाही ते लागलं असावं.

"पहिले फरशीवर गाणं वाजे, का मी तवा ठेवू," ती म्हणाली. फरशी म्हणजे गावाबाहेरच्या नाल्यावरचा बुटका पूल. भूषणचं गाणं तिथून ऐकू आलं की ही तवा ठेवायची, आणि तो हातपाय धुऊन बसेपर्यंत पहिली भाकरी ताटात. "आते हाई कव्हय येतस, समजतच नही." (आता हे कधी येतात, कळतच नाही.) म्हणून ती लवकर भाकरी करून झाकून ठेवते.

मग तिने मला एक सिनेमा सांगितला. ती कधी थिएटरात गेलेली नाही. भूषणच जेवताना तिला सिनेमे सांगायचा, तोंडाने संगीत वाजवत. हा सिनेमा आम्ही दोघांनी मिळून पाहिलेला. त्यात शेवटी हिरो मरतो. मायच्या गोष्टीत तो घरी आला, आईने त्याला ओवाळलं.

"घरी आला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंग? मन्हा भूषणना पिक्चरमा कोनीच मरत नही." (माझ्या भूषणच्या सिनेमात कोणीच मरत नाही.)

"बरोबर, माय. येतोच तो घरी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नामपूरच्या मार्केटात ट्रॅक्टरांची ही रांग! आमचाच तेवढा मुका. एक हमाल हसत म्हणाला, "काय नाना, तुमचा गडी आज गाईना?" शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं. नाना नुसतेच स्टिअरिंग पुसत राहिले.

दिवस कलताना रिकामी ट्रॉली घेऊन निघालो. गाव जवळ आलं तसा मला धीर निघेना. "नाना, साऊंड लावू का?"

"डोकं फिरलं का तुझं? पोरगा गेला माझा."

"मायला कळत नाही तुम्ही कधी येता ते. म्हणून भाकरी थंड असते."

"मला नाही बोलली ती कधी."

"तुम्हाला कशी बोलेल, नाना?"

नानांनी फरशीच्या अलीकडे ट्रॅक्टर थांबवला. हयातभर त्यांनी भूषणला एकच ऐकवलं होतं, आवाज कमी कर. आता त्यांनी स्वतःच बटण दाबलं. भूषणने जिथे बंद केलं होतं तिथूनच, कडव्याच्या मधूनच गाणं सुरू झालं, आणि आवाजही त्याने ठेवला होता तेवढाच, म्हणजे कान फाटतील असा. नाना ढसाढसा रडले. मीही रडलो. तशीच फरशी ओलांडली.

मनात धाकधूक होतीच, मायला सोसेल का? दारात आलो तर ती पिठाच्या हातांनी उभी. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत.

"आवाज कमी करा! कान फुटतीन ना!" ती नानांवर ओरडली आणि आत गेली. पाठोपाठ भाकरी थापल्याचा आवाज आला.

हातपाय धुऊन बसलो तर टम्म फुगलेली भाकरी ताटात. नानांचं बोट भाजलं तरी त्यांनी लगेच घास मोडला. माय माझ्या पिशवीकडे बघत म्हणाली, "पाने आनात ना? उजवा स्पीकर खरखर करस. तेवढा दख." (पाने आणलेत ना? उजवा स्पीकर खरखरतो. तेवढा बघ.)

सकाळी तेवढंच काम केलं आणि निघालो. खोकं रिकामं जाऊ नये म्हणून नानांनी ते कांद्यांनी भरून दिलं. परतीच्या घाटात ते मांडीवर घेऊन बसलो. माझ्या दुकानात तो साऊंड एक आठवण म्हणून पडून राहिला असता, मी गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवला असता. नानांकडे त्याला रोजचं काम आहे.

घरी बायकोने खोकं उघडलं. "हे काय, कांदे? आणि साऊंड?"

घड्याळ बघितलं. नाना शेतातून परतायची वेळ झाली होती.

"वाजत असेल आता फरशीवर," मी म्हणालो.